रक्ताची वही : इस्माइल कादारे यांच्या ‘ब्रोकन एप्रिल’च्या निमित्ताने

मार्च महिन्याची सतरा तारीख आहे. डोंगरातल्या रस्त्याच्या कडेला, वितळत्या बर्फात, ग्योर्ग बेरिशा नावाचा तरुण बंदूक रोखून बसला आहे. ज्याला मारायचे त्याच्याविषयी त्याच्या मनात राग नाही; असलाच तर भीती आहे आणि कंटाळा आहे. झेफ क्रियेच्युचे वळणावर दिसतो. ग्योर्ग रिवाजाप्रमाणे त्याला हाक देऊन सावध करतो, गोळी झाडतो, मग प्रेताला उताणे करून त्याची बंदूक त्याच्या उशाशी नीट टेकवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो झेफच्या अंत्ययात्रेला जातो आणि मृताच्याच घरी पंक्तीला बसून जेवतो. कारण तसा नियम आहे. त्यानंतर मृताचे घराणे त्याला तीस दिवसांची अभयवाणी देते. तिला ‘बेसा’ म्हणतात. सतरा एप्रिलला बेसा संपेल आणि त्या क्षणापासून ग्योर्ग हा चालताबोलता मृत होईल.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेली ही कादंबरी आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचली. कादारे १ जुलै २०२४ रोजी निवर्तले, तेव्हा ती पुन्हा हाती घेतली. पहिल्या वाचनात तिच्यातल्या थंड, करड्या निवेदनशैलीने आम्हांला भारले होते. दुसऱ्या वाचनात मात्र एका गोष्टीने आमची झोप उडवली आणि ती गोष्ट कादंबरीत जवळजवळ सांगितलेलीच नाही. ती अशी की हे डोंगरी लोक आपलेच आहेत.

अल्बानिया हा देश आपल्या घराघरांत पोहोचला तो संत मदर तेरेसांमुळे. त्या १९१० मध्ये स्कोप्ये येथे एका अल्बानियन कॅथोलिक घरात जन्मल्या. देश बहुसंख्येने मुसलमान असला तरी उत्तरेकडचे डोंगर, श्कोदर आणि मिर्दिता हा टापू, शतकानुशतके कॅथोलिक राहिला. आता पात्रांच्या नावांकडे पुन्हा पाहावे. ग्योर्ग म्हणजे जॉर्ज. झेफ म्हणजे जोसेफ. रक्ताचा कर गोळा करणाऱ्या कारभाऱ्याचे नाव मार्क. जॉर्जने जोसेफला मारले आणि मार्कने त्याची नोंद वहीत केली. बाप्तिस्म्याची हीच नावे आपल्याही धर्मग्रामांच्या नोंदवह्यांत आहेत.

ज्या रिवाजाने हे सारे चालते त्याचे नाव ‘लेक दुकाग्यिनीचे कानून’. कानून हा शब्द आपल्याला परका नाही. कचेरीतला कानून आणि ख्रिस्तसभेचा कॅनन हे दोन्ही एकाच ग्रीक मुळातून आलेले आहेत. पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेले हे नियम कागदावर उतरवले ते एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी. फादर श्त्येफेन ग्येचोव हे डोंगरी धर्मग्रामांत सेवा करीत असताना म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून एकेक कलम ऐकून टिपून घेत. हे साहित्य प्रथम छापले गेले ते १९१३ मध्ये श्कोदरच्या फ्रान्सिस्कनांनी सुरू केलेल्या ‘हिली इ द्रितस’ या नियतकालिकात. म्हणजे आपण वाचत आहोत तशाच एका कॅथोलिक नियतकालिकात, आपल्यासारख्याच भाविक वाचकांसाठी. १९२९ मध्ये प्रिझ्रेनजवळ फादर ग्येचोव यांच्यावर गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. ती रक्तवैरातून नव्हे, राजकीय वैरातून झाली. १९३३ मध्ये त्यांचा संग्रह बारा प्रकरणांच्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ‘हिली इ द्रितस’ १९४४ मध्ये बंद पडले.

फादरांनी रक्तवैराचे समर्थन केले असे कोणी समजू नये. त्यांनी आपल्या लोकांचे जगणे जसे होते तसे लिहून ठेवले. पण त्यामुळेच प्रश्न अधिक बोचतो. रविवारी मिस्सेला गुडघे टेकणारा, ‘आमच्या बापा’ म्हणणारा हा समाज सोमवारी बंदूक घेऊन वळणावर कसा बसत होता? त्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ त्यांना ऐकू येत नव्हती काय? की ऐकू येऊनही ती आपल्या घराण्यापुरतीच आहे, असे ते समजत होते?

कादारे यांनी हा प्रश्न विचारलेला नाही. त्यांनी यंत्र दाखवले आहे. बेरिशा आणि क्रियेच्युचे या दोन घराण्यांचे वैर सुरू झाले ते सत्तर वर्षांपूर्वी. एका रात्री कोणी अनोळखी माणूस बेरिशांच्या दारावर थाप मारतो. पाहुणा हा जवळजवळ देवच, म्हणून त्याला आसरा मिळतो. सकाळी घरातला एकजण रिवाजाप्रमाणे त्याला वेशीपर्यंत पोहोचवून माघारी वळतो आणि तोच पाहुण्याला गोळी लागते. मारणारा क्रियेच्युचे घराण्याचा असतो. त्याचा त्या पाहुण्याने कुठेतरी अपमान केलेला असतो. आता प्रश्न एवढाच उरतो की प्रेताचे तोंड गावाकडे आहे की गावाबाहेर. ते गावाकडे निघते. म्हणजे पाहुणा अजून बेरिशांच्या छत्राखाली होता. म्हणजे सूड बेरिशांनीच घेतला पाहिजे. ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी त्यानंतर चव्वेचाळीस थडगी उभी राहतात.

आम्हांला वाटते, या कादंबरीचे सारे सामर्थ्य त्या प्रेताच्या तोंडाच्या दिशेत आहे. येथे कोणी दुष्ट नाही. कोणी माथेफिरू नाही. ग्योर्गच्या घरी त्याच्या मारल्या गेलेल्या भावाचा रक्ताने माखलेला सदरा टांगलेला आहे आणि रक्ताचे डाग पिवळे पडू लागले की मृताला शांती नाही असे समजायचे. मराठीत आपण ‘डूख धरणे’ म्हणतो. हा शब्द नागाचा आहे, जनावर दुखावले की विसरत नाही या समजुतीतून आलेला. पण ग्योर्गने डूख धरलेला नाही. डूख सदऱ्याने धरला आहे, घराण्याने धरला आहे, कानूनाने धरला आहे. माणूस केवळ त्याचा हात. कादारे यांच्यापूर्वी सूडावर पुष्कळांनी लिहिले. परंतु सूड घेणाऱ्याच्या अंतःकरणातून सूडच काढून टाकून, तरीही तो घडवून आणणारा लेखक आम्ही दुसरा वाचलेला नाही.

आणि मग ओरोशचा गढीवाडा. प्रत्येक मारेकऱ्याला येथे रक्ताचा कर भरावा लागतो. ग्योर्ग बापाने दिलेले पैसे कनवटीला लावून, दिवसभर चालून तिथे जातो आणि रांगेत ताटकळतो. वाड्यात रक्ताची वही आहे. कोणाचे रक्त कोणाकडे येणे आहे, ते सारे तिच्यात नोंदलेले. कारभारी मार्क उकाच्येर्रा ती चाळतो आणि त्याच्या लक्षात येते की खून कमी होऊ लागले आहेत, उत्पन्न घटले आहे. सतरा मार्च हा दिवस तर कोराच गेला असता. एका ग्योर्गने तो वाचवला. कोरा दिवस या कल्पनेनेच मार्कला कापरे भरते. कादंबरीतले हे प्रकरण आम्हांला सर्वांत भयंकर वाटते. वैर ज्यांच्या रक्ताने चालते ते वेगळे असतात आणि वैरावर ज्यांची वही चालते ते वेगळे. आपल्याकडे दोन भावांच्या बांधाच्या भांडणात तिसऱ्याच कोणाचे घर दुमजली होते, ते पाहिलेल्या वाचकाला मार्क उकाच्येर्रा परका वाटणार नाही.

कादंबरीचा दुबळा भाग बेस्सियान व्होर्प्सी या लेखकाचा. तो नवविवाहित पत्नी डायना हिला घेऊन मधुचंद्रासाठी या डोंगरात येतो. त्याला कानूनात भव्यता दिसते, शोकांतिका दिसते. तो बोलतो फार. त्याची संभाषणे कित्येकदा व्याख्यानाच्या अंगाने जातात आणि कादंबरी खोळंबते. परंतु हा दुबळेपणा काही अंशी हेतुपुरस्सर असावा. दुसऱ्यांच्या मरणावर सौंदर्यशास्त्र रचणाऱ्या लेखकाची ती परीक्षा आहे. डायना ग्योर्गला एकदाच, ओझरते पाहते आणि तिच्या पतीची सगळी विद्वत्ता त्या एका नजरेपुढे फिकी पडते. समीक्षा लिहिणाऱ्यांनीही येथे थोडे चपापावे. आम्ही चपापलो.

आता या कादंबरीशेजारी आम्ही दुसरे एक पुस्तक ठेवू इच्छितो, अगदी वेगळ्या कुळीचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकल मॅकुलो यांचे ‘बियाँड रिव्हेंज’ हे २००८ मध्ये निघाले. सूड हा मनाचा रोग आहे आणि क्षमा हे त्यावरचे औषध, ही सोयीची समजूत ते मोडीत काढतात. त्यांच्या मते उत्क्रांतीच्या ओघात माणसाच्या मनात दोन्ही प्रवृत्ती घडल्या, कारण दोन्ही उपयोगी पडल्या. जिथे फौजदार नाही, न्यायालय नाही, तिथे ‘याला दुखावले तर हा सोडणार नाही’ ही ख्याती हेच संरक्षण. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८८ मध्ये जगभरातल्या साठ समाजांची वर्णने तपासली, तेव्हा सत्तावन्न समाजांत रक्ताच्या बदल्यात रक्त घेण्याच्या कल्पनेचा मागमूस सापडला. मॅकुलो यांनी तेच साठ समाज पुन्हा चाळले. या वेळी शोध क्षमेचा आणि समेटाचा होता. त्र्याण्णव टक्के समाजांत तीही सापडली. ही जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रिचर्ड निस्बेट आणि डोव कोहेन या संशोधकांनी आणखी एक धागा दाखवला आहे. पशुपालक समाजात मानापमानाचे वैर अधिक पेटते, कारण मेंढ्यांचा कळप एका रात्रीत पळवता येतो. शेतकऱ्याचे शेत कोणी पाठीवर टाकून नेऊ शकत नाही. अल्बानियाच्या डोंगरांना हे नेमके लागू पडते. शेत पळवता येत नाही हे खरे, पण वर्षाला वीतभर बांध कोरता येतो, हे त्या विद्वानांना कोणी सांगितले नसावे. ‘भाऊबंदकी’ हा शब्द ज्या भाषेने घडवला तिला हा विषय पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आपल्याकडे बंदुकीची जागा दिवाणी दाव्याने घेतली एवढेच; तारखांची वही मात्र तशीच पिढीजात.

मॅकुलो यांचे पुस्तक जिथे उजळून निघते ती जागा म्हणजे क्षमेच्या अटी. माणूस सहज क्षमा करतो ती कोणाला? ज्याच्याविषयी आपल्याला माया आहे, ज्याच्याशी संबंध राखण्यात आपले हित आहे आणि ज्याच्याकडून पुन्हा इजा होणार नाही अशी खात्री आहे, त्याला. आई मुलाला क्षमा करते तेव्हा तिन्ही अटी पूर्ण झालेल्या असतात. चिंपांझींतही हे आढळते. फ्रान्स डी वाल यांनी हॉलंडमधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात पाहिले की भांडण होऊन गेल्यावर थोड्याच वेळात तेच दोघे परस्परांजवळ येतात, हात पुढे करतात, चुंबनही घेतात. १९७९ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. मात्र हे सारे टोळीच्या आत. गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी १९७४ ते १९७८ या काळात जे पाहिले ते उलट होते. एकेकाळी एकत्र नांदलेल्या आणि पुढे फुटून दोन झालेल्या टोळ्यांपैकी एकीने दुसरीचे नर एकेकटे गाठून संपवले. तिथे कोणी कोणापुढे हात केला नाही. बोनोबो या त्यांच्या चुलत जातीत टोळ्या एकमेकींत मिसळताना दिसतात, हे येथे नोंदवले पाहिजे. निसर्गाने एकच धडा लिहून ठेवलेला नाही. तरी टोळीच्या आतली क्षमा आणि टोळीच्या बाहेरची क्षमा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी आपल्या मनात तयार वाट फार अरुंद आहे, असे म्हणणे भाग पडते.

दोन गटांत वैर का थांबत नाही याचे एक उत्तर गणिताने दिले आहे. १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर डावपेचांची एक स्पर्धा भरवली. तीत जिंकला तो सर्वांत साधा डाव. तो अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवला होता आणि त्याचे मराठी नाव आपल्याला तोंडपाठ आहे : जशास तसे. पहिल्याने सहकार्य करा, पुढे समोरचा करील तसे करा. पण या डावात एक खोट आहे. एखादी चूक, एखादा गैरसमज झाला की जशास तसे खेळणारे दोघे आळीपाळीने एकमेकांना मारीत राहतात. त्यांना थांबता येत नाही. बेरिशा आणि क्रियेच्युचे हेच तर करीत आहेत! प्रेताचे तोंड चुकीच्या दिशेला पडले आणि चव्वेचाळीस थडगी झाली. १९९२ मध्ये मार्टिन नोव्हाक आणि कार्ल सिगमुंड यांनी दाखवले की अशा चुकांच्या जगात टिकतो तो थोडा उदार डाव, जो दुखावले गेल्यावरही अधूनमधून, सुमारे तीनांत एकदा, प्रतिसाद न देता हात पुढे करतो. नोव्हाक हे स्वतः श्रद्धावान कॅथोलिक आहेत, याचा आम्हांला आनंद वाटला, हे लपवीत नाही. तथापि त्यांचे गणित श्रद्धेवर उभे नाही आणि आपणही त्याला श्रद्धेचा दाखला करू नये.

आणखी एक प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. २००३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी दोन-दोन माणसे समोरासमोर बसवली. एकाने दुसऱ्याच्या बोटावर यंत्राने दाब द्यायचा, दुसऱ्याने तेवढाच दाब परत करायचा. तेवढाच, जास्त नाही. तरी दर खेपेस दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. कोणी लबाडी केली नव्हती. स्वतः दिलेला दाब आपल्याला कमी जाणवतो, सोसलेला जास्त. ‘मी तर फक्त परतफेड केली’ असे म्हणणारे दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात, ही गोष्ट किती वाड्यांवर, किती पंचांना, किती पापनिवेदने ऐकणाऱ्या धर्मगुरूंना अनुभवाने ठाऊक असेल! डोळ्याबद्दल डोळा हा जुन्या करारातला नियम आपण क्रूर समजतो. तो खरे तर या ३८ टक्क्यांना घातलेला बांध होता. त्याच्याही आधी उत्पत्तीच्या पुस्तकात काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांसमोर फुशारकी मारतो की माझा सूड सत्त्याहत्तर पटींनी घेतला जाईल.

इथपर्यंत शास्त्र आणि कादंबरी एकमेकांना उजेड देतात. पण गट आणि गट यांच्यातल्या क्षमेकडे वळताच मॅकुलो यांच्या तीन अटी आमच्या घशात अडकतात. शत्रूविषयी माया नाही, त्याच्याशी संबंधात हित नाही, त्याच्यापासून धोका तर आहेच. मग क्षमा व्हायची कशी? त्यांचे उत्तर असे की परिस्थिती बदला, म्हणजे अटी पूर्ण होतील. उत्तर व्यवहारी आहे. ते कुठे यशस्वी झाले असेल तर त्याच अल्बानियन माणसांत, सरहद्दीपलीकडे कोसोवोत.

१९९० मध्ये लोकसाहित्याचे अभ्यासक प्राध्यापक अंतोन चेत्ता आणि त्यांच्याबरोबरचे विद्यार्थी कोसोवोत घरोघर हिंडू लागले. ज्यांचा मुलगा मारला गेला, ज्यांचा भाऊ मारला गेला, त्यांच्या चुलीशी बसून ते रक्त माफ करण्याची याचना करीत. १ मे १९९० रोजी देचानजवळच्या व्हेरात ए ल्लुकस या माळावर लाखो लोक जमले आणि सर्वांसमक्ष वैऱ्यांनी वैऱ्यांना हात दिले. दोन वर्षांत हजाराच्या आसपास वैरे मिटली. मुसलमान आणि कॅथोलिक दोन्ही घरे त्यांत होती. जगाच्या इतिहासात याला तोड सापडणे कठीण.

पण क्षमा कोणाच्या नावाने केली गेली? तरुण पिढीच्या, जनतेच्या आणि ध्वजाच्या. १९८९ मध्ये बेलग्रेडच्या सरकारने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली होती. समोर मोठा शत्रू उभा होता. आपापसांत मरणे परवडणारे नव्हते. तिन्ही अटी एका झटक्यात पूर्ण झाल्या. उत्क्रांतीचा अभ्यासक येथे शांतपणे म्हणेल की ही दोन गटांतली क्षमा नव्हेच. दोन लहान गटांनी तिसऱ्याविरुद्ध एक मोठा गट केला. रेघ पुसली गेली नाही, ती पुढे सरकली. आम्हांला या म्हणण्याचा राग आला आणि त्याला उत्तर मात्र सापडले नाही. कारण १९९८-९९ चे युद्ध झाले, अल्बानियनांवर अनन्वित अत्याचार झाले, आणि ते संपल्यावर सूडाची पाळी सर्ब शेजाऱ्यांवर आली. मार्च २००४ मध्ये त्यांची घरे आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेली. माळावर हात देणाऱ्या त्या बापांची थोरवी यामुळे कमी होत नाही. पोटचा मुलगा गमावलेल्या माणसाला ‘हे तर गटाचे गणित’ असे सांगणारा अभ्यासक आम्हांला त्या बापापेक्षा शहाणा वाटत नाही. तरीही शत्रूच्या आधाराने उभी राहणारी क्षमा ही अपुरी क्षमा आहे, हे कबूल केले पाहिजे.

शुभवर्तमान या विषयावर काय सांगते हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकू येईनासे झाले आहे. पेत्राने प्रभूला विचारले ते भावाविषयी, म्हणजे टोळीच्या आतल्या माणसाविषयी. उत्तरात प्रभूने जो आकडा दिला त्याचे ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातल्या लामेखाच्या आकड्याचेच आहेत. लामेखाची रक्ताची वही उलटी फिरवून दिलेली आहे. हे सौंदर्य कोणत्याही साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे.

परंतु गटाबाहेरच्या माणसाचा प्रश्न संत लूक आणतो, तोही सलग दोन अध्यायांत. नवव्या अध्यायात शोमरोन्यांचे एक गाव येशूला आसरा नाकारते. पाहुण्याला दार बंद! अल्बानियाच्या डोंगरात याहून मोठा अपराध नाही. याकोब आणि योहान लगेच आकाशातून अग्नी पाडून ते गाव भस्म करण्याची परवानगी मागतात. एका दारासाठी सारे गाव. ३८ टक्के तर कुठल्या कुठे राहिले. येशू वळून त्यांना धमकावतो आणि ते दुसऱ्या गावाकडे चालू लागतात. लगेचच पुढच्या अध्यायात, कायद्याच्या पंडिताला ‘माझा शेजारी कोण’ याचे उत्तर देताना, येशू जी गोष्ट रचतो तिचा नायक शोमरोनी असतो. ज्या लोकांनी नुकतेच दार लावले त्यांच्यातलाच एक. आणि तो जखमी परक्याला उचलून उतारशाळेत नेतो, त्याचा खर्च भरतो. ही दोन प्रकरणे आपण नेहमी सुटी सुटी वाचतो, उपदेशातही सुटी ऐकतो. ती एकत्र वाचली की चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ही दयेची गोष्ट न राहता, नुकत्याच झालेल्या अपमानाला दिलेले उत्तर होते. तिथे मॅकुलो यांची एकही अट पूर्ण झालेली नाही. समोर मोठा शत्रूही नाही. रेघ पुढे सरकत नाही. ती दिसतच नाही.

येथे आपल्या वाचकांना इंदूरच्या धर्मप्रांतात १९९५ मध्ये मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया आठवतील. त्यांच्या धाकट्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली आणि आईने त्याला क्षमा केली. २०१७ मध्ये सिस्टरना धन्य घोषित करण्यात आले. तीही एका घराने केलेली क्षमा होती, समाजाने केलेली नव्हे. परंतु त्या घराने ती कोणत्याही ध्वजाच्या नावाने केलेली नव्हती.

मग अल्बानियाच्या डोंगरातली ख्रिस्तसभा काय करीत होती? काहीच नाही असे नाही. १८८८ पासून येशूसंघीय धर्मगुरूंचे फिरते मिशन खिंडीखिंडींतून हिंडत असे. क्रूस हातात धरून, ख्रिस्ताच्या नावाने वैरे मिटवणे हे त्यांच्या कामाचे एक मोठे अंग होते. कम्युनिस्ट राजवटीने रक्तवैर दडपले आणि १९६७ मध्ये सारी प्रार्थनामंदिरेही बंद केली. ती राजवट कोसळताच, १९९० च्या दशकात, दोन्ही गोष्टी परत आल्या. मुलांना घराबाहेर पडता येईना, शाळा सुटल्या. २०१२ मध्ये तिथल्या बिशपांनी रक्तवैरातून खून करणाऱ्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याचा हुकूम काढला. शंभरावर वर्षांच्या उपदेशानंतर असा हुकूम काढावा लागला, याचा अर्थ प्रत्येकाने आपल्यापरीने लावावा.

कादारे यांनी हे सारे गाळले. ज्या राजवटीत ते लिहीत होते तिथे धर्मगुरूला सन्मानाने कादंबरीत आणणे शक्य नव्हते, हे एक कारण असेल. पण परिणाम असा झाला आहे की ग्योर्गच्या तीस दिवसांत त्याला थांबवू शकेल असा एकही आवाज येत नाही. तो ओरोशला जातो, कर भरतो, रस्त्यांवरून भटकतो, एका घोडागाडीचा आणि तिच्यातल्या एका स्त्रीच्या चेहऱ्याचा शोध घेत राहतो. त्याला कोणी विचारीत नाही की तू हे थांबवशील काय. कलेच्या दृष्टीने ही उणीव आम्हांला उणीव वाटत नाही, कादंबरीची घट्ट वीण तिच्यामुळेच आहे. माणूस म्हणून मात्र ती वाचताना गुदमरायला होते. वीस-बावीस वर्षांनी ब्राझीलचे दिग्दर्शक वॉल्टर सालेस यांनी याच कादंबरीवरून ‘बिहाइंड द सन’ हा चित्रपट काढला, १९१० च्या ब्राझीलमध्ये घटना नेऊन. तिथे त्यांनी एक धाकटा भाऊ आणला, जो मरणाची साखळी स्वतःवर घेऊन तोडतो. अनेकांना तो बदल आवडला. आमच्या मते चित्रपट तिथे सोपा झाला आहे, जरी तो पाहताना आमचेही डोळे भरून आले.

कादारे सोपे करीत नाहीत. सतरा एप्रिलची दुपार सरते. ग्योर्ग उघड्या रस्त्यावर आहे, त्या चेहऱ्याच्या शोधात. मागून हाक येते, गोळी लागते. तो पडतो आणि कोणीतरी त्याला हलकेच उताणे करते, बंदूक उशाशी टेकवते, सारे नियमाप्रमाणे. मग दूर जाणारी पावले ऐकू येतात. ती कोणाची ते ग्योर्ग आठवू पाहतो आणि त्याला वाटते, ही तर ओळखीची आहेत, ही माझीच पावले आहेत.